काजव्यांचं पान रोपवाटिकेत

वारूळवाडीच्या प्रतीक्षाने पुण्यातली नोकरी सोडली तेव्हा तिच्या आईला, जानकाबाईंना, एकच घोर लागला होता. घरात बसून ही पोरगी करणार काय? लॉकडाउनमध्ये ती घरी आली आणि कंपनीने पुन्हा बोलावलं तरी गेली नाही. आसपासच्या लोकांना वेबसाइट करून द्यायला लागली. चार वर्षांत सहा साइट झाल्या. त्यात डिंगोऱ्याच्या संपतभाऊंची रोपवाटिका होती, एका दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना होता, निमगाव साव्याचं ठिबकचं दुकान होतं. आणि पार आंबेगावच्या डोंगरात, आहुप्याला, साळुबाईंचं घर होतं. पावसाच्या तोंडावर काजवे बघायला शहरातून येणाऱ्यांना तिथे राहायला दोन खोल्या आणि चुलीवरचं जेवण मिळायचं.

सहा साइट म्हणजे सहा पासवर्ड आणि सहा ठिकाणची डागडुजी. एकदा दवाखान्याच्या साइटवर कुणीतरी घुसून परदेशी गोळ्यांच्या जाहिराती लावल्या. ते निस्तरताना प्रतीक्षाने ठरवलं, की सगळ्या साइट एकाच यंत्रणेत आणायच्या. एकदा लॉगिन केलं की सहाही हाताशी.

तिचे वडील खंडू एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "म्हंजी एकाच डेपोतून सहा गाड्या."

"हो. पण पाट्या चुकायला नकोत, दादा."

तिला भीती होती ती गूगलवरच्या जागेची. कुणी आहुप्याचे काजवे शोधले की साळुबाईंचं पान सगळ्यात वर यायचं. तीन वर्षं लागली होती त्याला. साइट हलवताना पानाचा पत्ता बदलला आणि जुन्या पत्त्यावरून नव्यावर वाट काढून दिली नाही, तर गूगलच्या लेखी ते पान मेलंच. म्हणून तिने वहीत एकेका पानाचा जुना आणि नवा पत्ता लिहून काढला. एकेक साइट हलवायची, पंधरा दिवस थांबायचं, मग पुढची. पाच साइट नीट बसल्या. तरी रोज सकाळी उठल्या उठल्या ती आधी गूगलचे आकडे बघायची.

साळुबाईंची साइट शेवटची. ती मेच्या मध्यात हलवली. काजव्यांचे दिवस तोंडावर आले होते, त्यामुळे थोडी घाई झाली. तिने फोनवर पान उघडून पाहिलं. फोटो होते, नंबर होता, सगळं जागेवर होतं.

आठवड्याने काजव्यांचं पान गूगलवर पहिल्या जागेवरून चौथ्या जागी आलं. मग पहिल्या दहांतही राहिलं नाही. मग सापडेनाच.

प्रतीक्षाने मथळा बदलला. फोटो बदलले. मजकूर वाढवला, परत कमी केला. काय बिघडलंय ते कळत नव्हतं आणि हात थांबत नव्हते. जेवताना आईने दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू गेलं नाही. साळुबाईंना फोन करावा असं रोज मनात यायचं. पण सांगणार काय? उद्या वर येईल, मग करू, असं म्हणत चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी संपतभाऊंचा फोन आला.

"ताई, माझ्या रोपवाटिकेत काजवे कवापासनं आले?"

"म्हणजे?"

"अवो, सकाळपासनं तीन फोन. काजवे दिसत्यात का, राहायची सोय हाय का, इचारत्यात. मी म्हनलं, राव, मी टोमॅटोची रोपं इकतो!"

इतके दिवस ती यादीत फक्त साळुबाईंच्या साइटचं नाव शोधत होती; आता तिने वरची नावंही नीट वाचली. काजव्यांचं पान गूगलवर वरच होतं, पण संपतभाऊंच्या साइटचं म्हणून. साळुबाईंचा मजकूर, साळुबाईंच्या अंगणाचा फोटो, आणि वर रोपवाटिकेचं नाव न् नंबर.

नव्या यंत्रणेत प्रत्येक पान कुठल्या साइटचं, हे एका चौकटीत निवडावं लागायचं. घाईत ती चौकट रिकामी राहिली होती, म्हणून ते पान सहाही साइटवर दिसत होतं. एकच मजकूर सहा ठिकाणी असला की गूगल त्यातलं एक खरं मानतं आणि बाकीची मागे सारतं. खरं कुठलं ते सांगणारी एक ओळ पानाच्या पोटात असते. तिथे यंत्रणेने आपोआप पहिल्या साइटचं नाव घातलं होतं. पहिली साइट रोपवाटिकेची.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. चौकट भरली, ती ओळ बदलली, रोपवाटिकेच्या पत्त्यावरून साळुबाईंकडे वाट काढून दिली, गूगलला पुन्हा बघायला सांगितलं. पण गूगल केव्हा बघेल, ते तिच्या हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने स्कूटर काढली. घोडेगाव, डिंभे, मग घाटाचा रस्ता. काय बोलायचं ते मनात घोकत होती आणि प्रत्येक वळणावर विसरत होती.

साळुबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. दोन्ही खोल्यांना कडी होती.

"मावशी, यंदा फोन कमी आले ना?"

"कमी? आलंच न्हाईत." त्यांनी सुपावरची नजर वर केली नाही. "मागल्या बारीला एका पावण्यानं ताटात भाकर टाकली व्हती. तवाच मनात आलं, आपल्या हाताची चव गेली. त्यानंच सांगितलं आसंल समद्यांला."

प्रतीक्षा ओट्याच्या कडेला बसली. "चव नाही गेली, मावशी. चूक माझी आहे." आणि तिने सगळं सांगितलं. तुमचं पान माझ्या हातून दुसऱ्याच्या दारात जाऊन बसलं, असं.

साळुबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"तुला कवा कळलं?"

"पान खाली जातंय हे आठवड्यापूर्वीच. कारण काल कळलं."

"मंग आठवड्यापूर्वीच सांगायचं व्हतंस. परवा मी भागूला घरी बसवलं. म्हनलं, काम न्हाई, येऊ नको." भागू म्हणजे त्यांच्याकडे भाकऱ्या थापायला येणारी बाई. "आता तिला तूच जाऊन सांग."

भागूचं घर ओढ्यापलीकडे होतं. वेबसाइट, गूगल यातलं तिला काही कळलं नाही. तिने एवढंच विचारलं, "म्हंजी माझं काय चुकलं न्हवतं?"

"नाही. तुमचं काहीच नाही."

"मला वाटलं, बाई माझ्यावर रागावली."

घरी परतल्या परतल्या प्रतीक्षाने गूगलवर पान पुन्हा शोधलं.

पुढचे नऊ दिवस पान हललं नाही. रोपवाटिकेवरचं मात्र उतरलं. त्याआधी ज्यांचे फोन आले, त्यांना संपतभाऊंनी आपण होऊन साळुबाईंचा नंबर दिला होता. त्यातलं एक कुटुंब राहून गेलं. दहाव्या दिवशी साळुबाईंचं पान सहाव्या जागी दिसलं, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या. तोवर अर्धे काजवे सरले होते. भागू कामावर आली, पण दोन्ही खोल्या एकदम भरल्या त्या दोनच शनिवारी.

प्रतीक्षाने बाकीच्या पाचांनाही फोन करून झालेली चूक सांगितली. दाताच्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि साइट दुसऱ्याकडे दिली. तिने अडवलं नाही.

जुलैत साळुबाईंचा फोन आला. "शहरातली माणसं भातलावणी बघाया येतील का गं?"

"येतील की, मावशी."

"मंग त्याचं पान कर. पर लावायच्या आधी मला दाव. भागूलाबी दाव."

तिने पान केलं, दोघींना दाखवलं, आणि चालू केल्या केल्या उरलेल्या पाचही साइटच्या पत्त्यांवर जाऊन पाहिलं. चार ठिकाणी 'पान सापडलं नाही' असं आलं. आहुप्याच्या साइटवर उघडलं.