सत्तावीस नंबरचं फोल्डर

भूत, करणी, नजर... असल्या गोष्टींना मी कधी उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाय. वय सदुसष्ट, शिक्षण सातवी, आणि पायथन ही कंप्युटरची भाषा शिकले ती मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून. तपासल्याशिवाय मी काही मानत न्हाय. हे वाचून हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचा.

गाव सास्तूर, तालुका लोहारा. आमच्या बायकांच्या गटासाठी मी देशी बियाण्यांची वेबसाइट केली. एक जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स, तोच आमचा सर्व्हर. एखादीनं माहिती भरली की तिच्या नंबरचं फोल्डर आपोआप तयार होतं आणि तिचे फोटो, आवाज त्यात जातात. सव्वीस जणींचं बिनबोभाट झालं.

सत्ताविसाव्या शेजारच्या इंदूआत्या. वय पंच्याऐंशी. त्यांच्या गुळभेंडी ज्वारीचं बी सासूकडून आलेलं, ते राखायची रीत त्यांना एकट्यांनाच ठाऊक. त्या दिवशी बाराच्या गाडीनं त्या लेकाकडं पुण्याला निघालेल्या, कायमच्या. सकाळी माझ्या ओसरीवर बसून सगळं सांगितलं, मी रेकॉर्ड केलं. बटण दाबलं... एरर! फोल्डर बनवायला परवानगी न्हाय.

"माझ्या डोळ्यांदेखत आत जाऊ दे," आत्या म्हणाल्या. "न्हाय जमलं तर पुसून टाक. सासूबाईंचं असं अर्धवट न्हाय ठिवायचं."

मी म्हटलं, हे तर रोजचंच. ही सगळी फोल्डरं ज्यात बनतात त्या वरच्या फोल्डरचा मालक बघितला — ज्या युजरच्या नावानं सर्व्हर चालतो, तोच. लिहायची मुभा आहे. डिस्क अर्धी मोकळी. त्या नावाची फाइल आधीच पडलीय का? न्हाय. सर्व्हर बंद करून चालू केला. अठ्ठावीस नंबर टाकला — झालं! परत सत्तावीस — न्हाय.

"काय खटपट चाललीय गं एवढी?"

"आत्या, आधी रिकामं फोल्डर करायचं, मग तुमचं त्यात भरायचं. तेच होईना."

"रिकामं?" आत्या खुदकन हसल्या. "शेजारणीची वाटी तरी रिकामी परत देतीस का? साखरंचं चार दाणं घालतीसच की! तुझ्या कंप्युटरला रीतभात न्हाय व्हय?"

"अहो, मशीन हाय ती, शेजारीण न्हाय."

"माझी गाडी बी मशीनच हाय. थांबायची न्हाय ती."

कोड बदलला. दुसरीकडं एक फोल्डर केलं, त्यात आत्यांचं नाव लिहिलेली बारकी फाइल ठेवली, आणि ते भरलेलं फोल्डर सत्तावीस नावानं जागेवर हलवलं. गेलं. एका झटक्यात! जाणकारांनो, हलवायलाही त्या जागेवर लिहायची तीच परवानगी लागते. ती नसती तर हेही अडायलाच हवं होतं.

मग रेकॉर्डिंगही त्यात गेलं. आत्यांनी लॅपटॉपला कान लावून स्वतःचा आवाज ऐकला, पदरानं डोळे पुसले आणि पिशवी उचलली.

नंतर दोन शिकलेल्या इंजिनिअरांना सगळा लॉग, म्हणजे सर्व्हरनं ठेवलेली नोंद, दाखवला. दोघंही म्हणाले, "काहीतरी कारण असेल, मावशी." असेल की... पण काय?

उलटी तपासणी सोपी आहे. सत्तावीस काढायचं, रिकामं बनवून बघायचं. दहा सेकंदांचं काम, बॅकअपही आहे. पण तेवढं मी अजून केलेलं न्हाय.