सात टिंबांचा तांब्या

मुरबाड तालुक्यातल्या एका महागड्या रिसॉर्टच्या मॅनेजरने पाहुण्यांना फसवलं. ते उघडं पडायची वेळ आली तेव्हा त्याने तिथे खोल्या साफ करणाऱ्या एका बाईला चोर ठरवलं. फसलेल्या पाहुण्यांमध्ये एक पोलीस उपनिरीक्षकही होता. तो मी.

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. तारखा विचारल्या तर कागद काढावे लागतील. हे प्रकरण एका तांब्याचं, पण ते शब्दन् शब्द लक्षात आहे.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलीने परस्पर त्या रिसॉर्टचं बुकिंग केलं. धसईच्या पुढे, डोंगराच्या अंगाला, चोवीस खोल्यांचं. मी शिपाई म्हणून भरती झालो, खात्याची परीक्षा देऊन वर आलो. कोथिंबिरीची जुडी घेतानाही भाव केल्याशिवाय मला चैन पडत नाही. अशा माणसाला तिथे एक रात्र काढायची होती.

आल्या आल्या कोकम सरबत हातात दिलं. आम्हाला वाटलं स्वागत आहे. ते बिलात आलं. जास्तीची उशी मागितली, तीही बिलात. अंगणात शेकोटी पेटवली होती, आम्ही तिच्याजवळून नुसते चालत गेलो, तर ‘शेकोटी शुल्क’. खिडकीतून डोंगर दिसतो म्हणून खोलीचा दर वेगळा. तो डोंगर माझ्या बायकोच्या माहेरच्या ओट्यावरून फुकट दिसतो. गरम पाणी मात्र सकाळी सात ते नऊच, आणि फोन केला की पलीकडून आवाज यायचा, “सर, पाच मिनिटांत पाठवतो.” ती पाच मिनिटं अजून संपलेली नाहीत.

निघताना काउंटरवर मॅनेजर म्हणाला, “सर, रूम चेक केली. कॉपरचा तांब्या मिळाला नाही.”

“म्हणजे?”

“मिसिंग आहे, सर. चोवीसशे लागतील.”

मागे दोन कुटुंबं बॅगा घेऊन उभी होती. बायकोने मान खाली घातली. माझं डोकं तापलं आणि मी भांडायला लागलो. चोवीसशे कसले, ठाण्याच्या बाजारात असला तांब्या सातशेला मिळतो. पाऊण तास भांडून मी तो आकडा पंधराशेवर आणला. मॅनेजरने हाताने एक चिठ्ठी लिहून दिली. गाडीत बसल्यावर मी बायकोला म्हणालो, “बघ, नऊशे वाचवले.”

ती म्हणाली, “अहो, पण आपण तांब्या नेलाच नव्हता.”

त्या एका वाक्याने मी पुढे महिनाभर धुमसत होतो. चिठ्ठी मात्र जपून ठेवली. पावती मी कधी फेकत नाही.

मग एका सोमवारी सकाळी तोच मॅनेजर आमच्या पोलीस ठाण्यात आला. गणवेशात त्याने मला ओळखलं नाही. मी ओळखलं, पैसे घेणाऱ्याचा चेहरा मी विसरत नाही. त्याची तक्रार अशी की अकरा तांबे चोरीला गेले असून संशय खोल्या साफ करणाऱ्या बाईवर आहे. नोकराने मालकाचा माल चोरला तर गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असतो. म्हणजे एका कागदावर त्या बाईला अटक होऊ शकत होती.

मी आधी आमच्या पोलीस निरीक्षक साहेबांकडे गेलो आणि माझी चिठ्ठी टेबलावर ठेवली. “साहेब, या हॉटेलशी माझा स्वतःचा वाद आहे.”

साहेबांनी चिठ्ठी वाचली. “तुम्ही भाव केलात ना?”

“केला, साहेब.”

“वाटलंच.” ते हसले. “प्राथमिक चौकशी करा. गुन्हा दाखल झाला की तपास दुसऱ्याकडे देऊ.” स्टेशन डायरीला तशी नोंद घेतली.

चोरीचं तांबं मोडीतच जातं, म्हणून मी पहिल्यांदा धसईच्या बाजारातल्या मोडवाल्याकडे गेलो. जुनी भांडी वजनावर घेणारा हा म्हातारा माझ्या चांगल्या ओळखीचा.

“माल नाय आला साहेब,” तो म्हणाला. “पण एक गंमत सांगतो. मागच्या बाजाराला हॉटेलचा सुपरवायझर आला नि भर गर्दीत मोठ्यानं बोलला, आमच्या खोल्या झाडणारी बाई तांब्याची भांडी विकायला आली होती काय. ती बाई तिथंच, समोर भाजी घेत होती. माल शोधणारा माणूस असा वरडून विचारतो काय? तो चुपचाप येऊन कानात विचारतो.”

म्हातारा बरोबर बोलत होता. ज्याला वस्तू हवी असते तो गाजावाजा करत नाही. हा सुपरवायझर मॅनेजरच्या हाताखालचा. या दोघांना तांबे नको होते. बाई चोर आहे हे गावात पसरायला हवं होतं.

बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. महिला शिपायाला घेऊन मी तिच्या गावी गेलो. पंचेचाळिशीची, काटक बाई. बचत गटाची अध्यक्ष. ओट्यावर खाट टाकली, पाणी दिलं आणि समोर उभी राहिली.

“बसा, ताई.”

“बसून काय करू? गटातल्या बाया कालपासून ओट्यावर यायच्या बंद झाल्या.”

“अकरा तांबे गेलेत, असं मॅनेजर म्हणतो.”

“साहेब, शाळेच्या खिचडीचं काम आमच्या गटाला मिळालंय. पुढच्या महिन्यात चालू व्हायचंय. माझ्या नावानं केस झाली तर चोर बाईच्या हातची खिचडी कोण आपल्या पोराला खायला घालील? माझं जाऊ द्या. धा बायांचं काम जाईल.”

“म्हणूनच खरं सांगा. तांबे कुठे गेले?”

“जातील कुठं? गेले नाय, फिरतात.”

“फिरतात म्हणजे?”

“सात नंबरचा मी एकोणीस नंबरात बघितला. नऊचा तीन नंबरात. सुपरवायझरला मी बोलली पण. तो बोलला, मावशी, तुमी फरशी बघा, तांबे आमी बघतो.”

मी हसलो. मी हसायला नको होतं. “ताई, चोवीस तांबे एका साच्यातले. सात नंबरचा तुम्ही ओळखला कसा?”

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच मुंबईहून सुट्टीला आलोय. “साहेब, तुमी कुठले?”

“सापगावचा.”

“मग तुमच्याकडं लग्नात भांडी कोणाची आणता?”

“गावभरची.”

“नि परत देताना कोणाचं कुठलं कसं कळतं?”

ती आत गेली, एक टोप घेऊन आली आणि माझ्यासमोर पालथा केला. बुडाला खिळ्याने पाडलेली तीन टिंबं आणि एक रेघ. त्यांच्या घराची खूण. आमच्या भागात प्रत्येक घराची अशी खूण असते. कोणी नाव घालतं, कोणी टिंबं पाडतं. लग्नकार्यात शंभर भांडी एकत्र येतात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी बिनबोभाट परत जातात, ती या खुणेमुळे.

“पाच ते धा नंबर माझ्याकडं, बाकीच्या खोल्या कोण सुट्टीवर असली तरच,” ती म्हणाली. “दुसऱ्या बाया त्यांचे काळे तांबे माझ्या खोल्यांत ठेवायच्या नि बोलणी मी खायची. म्हणून मी बुडाला टिंबं पाडली. पाच नंबरला पाच, सहाला सहा. कोणाला सांगायचं काय त्यात? भांड्याला खूण असतेच.”

महिला शिपाई म्हणाली, “सर, माझ्या आईच्या भांड्यांवर चांदणी आहे.”

मी तो टोप पुन्हा हातात घेतला. आमच्याकडची बाई कोणतंही भांडं हातात घेतलं की आधी उलटं करून बघते. त्या रिसॉर्टच्या खोलीत पाऊल टाकल्यावर माझ्या बायकोनेही तेच केलं होतं. तांब्या पालथा करून म्हणाली होती, “अहो, याला कोणीतरी सात टिंबं पाडलीत.” आमची खोली सात नंबरची. मी तेव्हा दरपत्रक वाचत होतो. “असतील,” एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेऊन आम्ही रिसॉर्टवर गेलो. सगळ्या खोल्यांतले तांबे मागवून स्वागतकक्षाच्या फरशीवर ओळीने पालथे ठेवले, प्रत्येकाखाली खोलीचा नंबर लिहिलेला कागद. चोवीस खोल्या, चोवीस तांबे. हवालदार पंचनामा लिहीत होता. एकोणीस नंबरचा तांब्या मी उचलून बुडावर बोट फिरवलं. सात टिंबं. चिंचेने घासून घासून त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. कालपरवा पाडलेली ती खूण नव्हती. चोरीच्या यादीत या बाईच्या खोल्यांतले पाच तांबे होते. ते पाचही आमच्यासमोर होते, फक्त दुसऱ्याच खोल्यांच्या कागदांवर.

मॅनेजरला मी एकच प्रश्न विचारला. “अकरा गेले. मग हे चोवीस कुठून आले?”

“नवीन घेतले, सर.”

“बिल दाखवा.”

तो बोलला नाही. मीही बोललो नाही. भाव करताना एक गोष्ट मी बाजारात शिकलो: आकडा सांगून झाला की तोंड बंद ठेवायचं. जो आधी बोलतो तो खाली येतो. सुपरवायझर जागच्या जागी पाय बदलत उभा होता.

अखेर मॅनेजरने माझ्याकडे नीट पाहिलं. ओळख पटली. “सर, तुम्ही आपल्याकडे राहिला होतात ना? तुमचे पंधराशे परत करतो.”

मी गप्पच.

“पूर्ण बिल परत करतो, सर.”

मी गप्पच.

“मॅडमना घेऊन पुन्हा या. दोन रात्री. सगळं आमच्यातर्फे.”

दोन पंचांच्या समोर तो माझ्याशी भाव करत होता. हवालदाराने मान वर करून विचारलं, “सर, हे पण लिहू?”

“शब्दन् शब्द लिही,” मी म्हणालो.

पुढचं सुपरवायझरने सांगितलं. पाहुणे नाश्त्याला गेले की तो खोलीतला तांब्या उचलायचा. ज्यांना निघायची घाई आहे, ज्यांच्याबरोबर बायकामुलं आहेत, असेच पाहुणे निवडायचे. चारचौघांत अशी माणसं वाद घालत नाहीत. पैसे रोख घ्यायचे, चिठ्ठी हाताची, संगणकाच्या बिलात काही नाही. तांब्या दुपारी दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत परत. मग एका पाहुण्याने मुंबईत मालकाला पत्र लिहिलं, मालकाने खुलासा मागितला, आणि मॅनेजरला दाखवायला एक चोर लागला. सगळ्यात कमी बोलणारी बाई त्याने निवडली. तिथे तो चुकला.

मॅनेजर आणि सुपरवायझरवर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. खोट्या तक्रारीचा अहवाल वेगळा गेला. ठरल्याप्रमाणे तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला आणि माझा व माझ्या बायकोचा साक्षीदार म्हणून जबाब झाला. बायकोचा जबाब माझ्यापेक्षा लांब होता. तिने टिंबं मोजून सांगितली आणि पुढे स्वतःहून जोडलं, “मी यांना तेव्हाच बोलले होते, यांनी लक्ष दिलं नाही.” तेही लिहिलं गेलं.

या प्रकरणाने मला माझ्याबद्दल एक गोष्ट शिकवली, आणि ती गोड नव्हती. चोवीसशेचे पंधराशे केले म्हणून मी छाती फुगवून बाहेर पडलो होतो. जी वस्तू गेलीच नव्हती, तिचा भाव करण्यात मी पाऊण तास घालवला. आकड्यावर भांडणारा माणूस मूळ गोष्ट मान्य करून बसलेला असतो, हे त्या मॅनेजरला ठाऊक होतं, मला नव्हतं. पोलिसांचंही असंच होतं. चोर कोण, हे विचारायच्या घाईत चोरी झाली का, हे विचारायचं राहून जातं. त्यानंतरची दोन वर्षं कुठलीही फिर्याद घेताना मी पहिला प्रश्न बदलला.

आता मी सापगावात सुखात आहे. घरामागे भेंडी आणि वाल लावतो, आणि भाजीवाल्याशी आता उलट्या बाजूने भाव करतो. शाळेची खिचडी त्या बाईचाच गट शिजवतो. एकदा त्या बाजूला गेलो तेव्हा मीही खाल्ली; मीठ बरोबर होतं. शिजवायच्या टोपाच्या बुडाला तीन टिंबं आणि एक रेघ आहे.

रिसॉर्ट चालू आहे. मालकाने तांब्याचे पंधराशे परत पाठवले. शेकोटीचे पैसे अजून आलेले नाहीत, आणि त्यावर माझा दावा कायम आहे. पण ते माझ्यापुरतं. त्या बाईला मालकाने मिठाईचा डबा पाठवला आणि कामावर या असा निरोप दिला. ती गेली नाही. डबा तिने न उघडता त्याच माणसाच्या हाती परत दिला.

डब्यात काय होतं याच्याशी मला कर्तव्य नाही. मालक, तिला चोर म्हटलं ते धसईच्या भर बाजारात, मोठ्या आवाजात, तुमचा पगार खाणाऱ्या माणसाने म्हटलं. त्याचं उत्तर बंद डब्यातून देता येत नाही. तुम्ही स्वतः या, बाजाराच्या दिवशी या. मोडवाल्याच्या दुकानापुढे उभे राहा आणि त्याच आवाजात सांगा की ही बाई चोर नव्हती, चोर तुमच्या काउंटरवर बसला होता. यायला पैसे पडत नाहीत. मुरबाडहून एसटी आहे, आणि डोंगर तर वाटेत फुकटच दिसतो.