तीस थेंबांचा सौदा

माझ्या घरात माझ्या सहीशिवाय कागद हलत नाही. त्या दिवशी सुनेने मला बाजूला सारून सही केली, त्याचा राग मला आजही आहे.

सहा वर्षांची नात तापाने फणफणली होती. मान जरा वाकवली की किंचाळायची. मुलगा सुताच्या खरेदीला सुरतेला गेलेला. सून आणि मी तिला कामतघर वस्तीतून रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूच्या आवरणाला संसर्ग झाला असावा. अँटिबायोटिक लगेच सुरू करते, पण पाठीतलं पाणी तपासायला हवं."

ते पाणी काढलं की पोर पांगळं होतं, असं चाळीत कायम ऐकलेलं.

"किती काढणार?"

"तीसेक थेंब."

"दहात भागवा."

"काका, इथे भाव नाही. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली जाते, पाय शाबूत राहतील."

"पंधरा!"

सुनेने माझ्या हातातला संमतीचा कागद ओढला. "बाबा, तागा मधून कापून बघितल्याशिवाय तुम्ही माल उचलता का?"

नाही उचलत. ताग्याच्या टोकाला सगळेच चांगलं कापड ठेवतात. इतकी वर्षं व्यापाऱ्यांशी भांडलो, पण माझाच माल मला कुणी विकला नव्हता. तिने सही केली आणि मी बाहेर जाऊन रखवालदाराशी भांडलो.

परत आलो तर बाटलीतलं पाणी नितळ दिसलं. "बघा, स्वच्छ आहे!"

"डोळ्यांना कळत नाही, काका. जंतू असले तर यात प्रोटीन फार वाढतं, साखर उतरते. काही ठरावीक प्रोटीनं मोजली की जंतू की विषाणू, याचाही अंदाज येतो."

कापड चिमटीत धरून सुताचा नंबर सांगणारा मी, डोळे बारीक करून पुन्हा बाटलीकडे बघू लागलो.

संध्याकाळी अहवाल आला. प्रोटीन किंचितच वाढलेलं, बहुधा विषाणू. दोन दिवसांत पाण्यात जंतू वाढले नाहीत, तेव्हा अँटिबायोटिकही बंद झालं. चौथ्या दिवशी नात खाटेवर नाचत होती.

"घरी आठ दिवस उड्या मारायच्या नाहीत हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तीन," नात म्हणाली.

"सहा."

"चार!"

"बरं, पाच."

सून तोंडाला पदर लावून हसत होती. मला मात्र बाईंनी तिसातला एक थेंब सोडला नव्हता.