मोरीच्या नळाला मुंग्या

साधनाच्या बोटांना पहिल्यांदा मुंग्या आल्या, त्या दिवशी सोमवार होता. झेंडूचे क्रेट भरून झाले होते, हात मातीने बरबटले होते. तिने मोरीचा नळ सोडला आणि नळातून काहीतरी बारीक थरथरत थेट मनगटापर्यंत आलं. झटका म्हणावा इतकं मोठं नव्हतं. तिने हात मागे घेतला, साडीला पुसला, परत लावला. परत तेच.

"अहो, नळाला करंट येतोय," ती ओसरीवर येऊन म्हणाली.

मखमलाबादच्या त्या मळ्यात विजेचं खातं तिचा नवरा समाधान याच्याकडे होतं. माणूस हाताचा हुशार. खिशाला कायम टेस्टर. पंखा, इस्त्री, फवारणीचा पंप, शेजाऱ्यांच्या गिरणीची मोटारसुद्धा त्याने उघडून जोडली होती. त्याने नळाला टेस्टर लावला. दिवा मंद, लागला न लागल्यासारखा.

"गिझरची कॉइल गेली असंल. बदलतो."

त्याने दुपारपर्यंत बदललीही. दोन दिवस काही जाणवलं नाही. गुरुवारी पाण्याची मोटार चालू असताना साधनाने फ्रीजचं दार उघडलं आणि हँडलला तेच थरथरणं. गिझर तर बंद होता.

"ओल हाये भिंतीला," समाधान म्हणाला. "चपला घालून वावरा थोडे दिवस."

बाकीच्यांनी चपला घातल्या आणि विषय संपला. साधनाचा संपला नाही. लग्नाआधी चार वर्षं ती सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात पंख्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायची. तिथे प्रत्येक मशीनच्या अंगाला अर्थिंगची एक हिरवी तार जोडलेली असायची, आणि म्हातारे सुपरवायझर सकाळी आल्या आल्या आधी ती तार ओढून बघायचे, मग हजेरी घ्यायचे. ते म्हणायचे, मशीनला हात लावून मुंग्या आल्या तर ती मशीन तुमच्याशी बोलतेय, ऐका. सासरी आल्यावर यातलं काही सांगायची वेळ आली नव्हती. सून फुलं तोडते, माळा ओवते, बाजार बघते, एवढंच सगळ्यांना माहीत.

आता मात्र तिचं कशात मन लागेना. भाकरी थापताना ती मध्येच उठून मीटरपाशी जाऊन येई. मुलगी भाग्यश्री मोरीत गेली की दाराशी उभी राही. "नळाला हात लावू नको, बादलीतलं घे," म्हणून दहा वेळा बजावी, आणि पोरगी आतून वैतागून "हो गं आई!" म्हणे. थरथर कधी असे, कधी नसे. नसली की तिला जास्तच धास्ती वाटे.

शनिवारी फुलबाजारात गिऱ्हाइकाला झेंडू मोजून देताना तिची तीनदा चूक झाली. शेजारी बसणाऱ्या कुसाबाईंनी विचारलं, "काय गं, लक्ष कुठंय?" तेवढ्यात साधनाला आठवलं, आज शाळेला सुट्टी. भाग्यश्री आता डोकं धुवायला गेली असेल, ओल्या पायांनी, गिझर लावून.

"मावशी, माझी टोपली बघा," एवढंच म्हणून तिने स्कूटी काढली. रामवाडीचा पूल, पुढचा खड्ड्यांचा रस्ता, काही काही तिला दिसलं नाही.

भाग्यश्री ओसरीत केस वाळवत बसली होती. साधनाने तिच्या डोक्याला हात लावला आणि ती आत गेली. आत वास येत होता, जळक्या प्लास्टिकचा. मेन बोर्डाचं झाकण हाताला कोमट लागलं. पेटी ओळखीची होती, कारखान्यातल्यासारखीच. तिने पाट ओढला, त्यावर उभी राहिली, हात कोरडे केले आणि मेन स्विच खाली पाडला. मग फ्यूज ओढून पाहिला. आत एका बारीक तारेऐवजी तीन तारांचा पीळ होता. आधी महिनाभर फ्यूज सारखा उडत होता, आणि गेल्या पंधरवड्यात अचानक उडायचा थांबला होता. का थांबला ते आता कळलं.

तिने आणखी कशालाच हात लावला नाही. तिला इतकं नक्की कळत होतं की यापुढचं काम आपलं नाही. नवऱ्याचंही नाही. सातपूरला तिच्यासोबत काम करणारा धम्मपाल पुढे परीक्षा देऊन परवानाधारक वायरमन झाला होता. तिने त्याला फोन लावला.

"मेन बंद केलाय ना?" त्याने आधी तेवढंच विचारलं. "चालू करू नका. तासाभरात पोचतो."

समाधान शेतातून आला आणि पंखा बंद बघून थबकला. मेन बंद करून वायरमन बोलावलाय, असं साधनाने सांगितलं.

"मी घरात असताना बाहेरचा माणूस कशाला? गावात तोंड दाखवायला जागा ठेवशील का?"

"फ्यूजमध्ये तीन तारा कुणी घातल्या?"

"सारखा उडत होता म्हणून घातल्या!"

"उडत होता म्हणजे ओरडत होता, अहो. तुम्ही त्याचं तोंड बांधलं."

समाधान काही बोलणार, इतक्यात कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या सासूबाई, गोजराबाई, हळूच म्हणाल्या, "मला बी येत्यात मुंग्या. महिना झाला."

दोघंही वळले.

"भांडी घासताना. मला वाटलं शुगर वाढली. डाक्टरनं गोळ्या बी दिल्या हातापायाच्या."

मोरीत सगळ्यात जास्त वेळ कोण असतं, हे कुणीच मनात आणलं नव्हतं.

धम्मपालने आपला करंट मोजायचा मीटर लावून एकेक जागा तपासली. घरामागची अर्थिंगची तार दोन वर्षांपूर्वी मोरीची पायरी बांधताना काँक्रीटखाली गेली होती आणि गंजून तुटली होती. पुढे वॉशिंग मशीन नीट चालेना, तेव्हा समाधानने प्लगमध्ये अर्थिंगची पिन तारेच्या एका तुकड्याने न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेला, जोडली होती, आणि मग गिझरला, फ्रीजलाही तसंच केलं होतं. मेन स्विचमध्ये न्यूट्रलचा स्क्रू सैल, तार काळी पडलेली.

"समाधानभाऊ," तो शांतपणे म्हणाला, "लोड वाढला की ही सैल तार तापायची आणि करंट गिझरच्या अंगावरून नळाला यायचा. म्हणून कधी यायचा, कधी नाही. ही तार पूर्ण सुटली असती ना, तर नुसत्या मुंग्यांवर भागलं नसतं. नळ, फ्रीज, मशीन, सगळ्यांत जिवंत करंट उतरला असता."

"मी कॉइल बदलली होती," समाधान म्हणाला. आवाज खाली गेला होता.

"बरोबर बदलली. बल्ब बदला, प्लगचा टॉप बदला, मेन बंद करून. पण बॉडीला करंट लागला, बोर्ड तापला, जळका वास आला, की पक्कड खाली ठेवायची. टेस्टरचा दिवा बघून अर्थिंग कळत नाही. मलाही कळत नाही, मीटर लावावा लागतो."

दोन दिवस काम चाललं. नवा अर्थिंगचा खड्डा, नवी पेटी, आणि करंट गळला की आपोआप पडणारा एक स्विच. गोजराबाईंच्या हातांच्या मुंग्या गेल्या. पायांच्या राहिल्या, ती खरंच शुगर होती. डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवायला सांगितलं.

घरात तो विषय कुणी काढत नसे. आठवड्याने विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर घुं घुं करू लागला. साधना शेवंतीच्या ओळीत निंदत होती. तिने पाहिलं, समाधान स्टार्टरच्या पेटीसमोर उभा, हातात पक्कड. तिच्या हातातलं खुरपं थांबलं. हाक मारावी तर तो चिडेल, न मारावी तर... ती उठली, चार पावलं गेली, पुन्हा थांबली. शेवंतीला पाणी हवं होतं, ऊन चढत होतं, आणि तो पेटीचं झाकण निरखत तसाच उभा होता.

मग त्याने पक्कड बांधावर ठेवली, दोन पावलं मागे सरला आणि खिशातून मोबाइल काढला.

"धम्मपालभाऊ," तिला ऐकू आलं, "कधी येताय?"