रियाधच्या रिंग रोडवरचा उलटा रॅम्प

तुमच्यापैकी थोरल्याला कारपूल लेनमध्ये, म्हणजे दोन किंवा जास्त माणसांच्या गाड्यांसाठी राखलेल्या लेनमध्ये, एकट्याने गाडी चालवताना पोलिसांनी धरलं, आणि शेजारच्या सीटवर टोपी घालून बसवलेला पाहुणा तांदळाचं पोतं निघालं, हे तुमच्या आईने मला फोनवर फार दुःखाने सांगितलं. मीही दुःखाने ऐकलं आणि फोन ठेवल्यावर पोट धरून हसले. पोत्याला सीटबेल्ट लावला होता म्हणे. ही शिस्त माझ्याकडची. पण थोरल्या, ज्या लेनशी तू अशी लबाडी केलीस, तसल्याच एका लेनपायी एके काळी तुमच्या आईची दहावी बुडायची वेळ आली होती. तिने तुम्हाला हे कधी सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते.

आम्ही तेव्हा रियाधमध्ये राहत होतो. तुमचे आजोबा रस्ते आखणाऱ्या एका ऑफिसात इंजिनियर होते. त्यांचा साहेब परदेशी, उंच, गुलाबी, आणि स्वतःच्या देशातल्या रस्त्यांवर त्याची अपार श्रद्धा. त्याच्या मते माणूस एकटा गाडी चालवतो हे सगळ्या ट्रॅफिकचं मूळ. म्हणून रिंग रोडच्या मधोमध, दुभाजकाला लागून, एक खास लेन ठेवायची आणि दोन किंवा जास्त माणसं असलेल्या गाड्यांनाच तिथे सोडायचं. आता अशी मधली लेन असली की अडचण येते. उतरण्याचे रस्ते उजवीकडे, कडेला. म्हणजे मधून निघालेल्या गाडीने सगळ्या लेन कापत कडेला यायचं आणि वाटेत चार जणांच्या शिव्या खायच्या. त्यावर उपाय म्हणून मधल्या लेनमधूनच थेट वरच्या पुलावर चढणारे आणि तिथून उतरणारे रॅम्प. ते रॅम्प कुठे बांधायचे, किती चढाचे, कुठल्या पुलाला जोडायचे, हे आखणं आजोबांचं काम.

नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये शेजारच्या कुवेतमध्ये इराकचं सैन्य घुसलं आणि साहेबाला अचानक आपल्या म्हाताऱ्या आईची आठवण झाली. बघता बघता ऑफिसातल्या सगळ्याच गोऱ्यांच्या आया आजारी पडल्या. हिवाळा लागेपर्यंत रॅम्प, रिंग रोड आणि रिकाम्या खुर्च्या आजोबांच्या वाट्याला आल्या.

आमचा कफील, म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर आपण त्या देशात राहायचं तो माणूस, ऑफिसचाही भागीदार होता. अत्तर लावून यायचा, दोन कप कहवा प्यायचा आणि वाईट बातमी गोड आवाजात सांगायचा. त्याने आजोबांना सांगितलं की नगरपालिकेने रॅम्पचे नकाशे घेतले तर इकामा पुढे चालू, नाही घेतले तर खलास. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तो फेब्रुवारीत संपत होता. तुमच्या आईची दहावीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती. मधेच पुण्याला परतलो असतो तर तिथल्या कुठल्याही शाळेने तिला परीक्षेला बसवलं नसतं आणि पोरीचं अख्खं वर्ष गेलं असतं. शहाणी माणसं त्या वेळी तिथून पळायच्या मागे होती. आम्ही मात्र राहायला मिळावं म्हणून धडपडत होतो, तेही ज्या लेनची कोणालाच गरज नव्हती तिच्या आधाराने.

आजोबांचं इंग्रजी आकड्यांपुरतं ठीक होतं. अहवाल मी टाइप करायची. टाइप करता करता एका दुपारी मी थांबले.

"अहो, हे लोक आपापल्या गाड्या पार्किंगमध्ये लावून एका गाडीत बसणार. कोण लोक?"

"शेजारी. एका ऑफिसात जाणारे."

"आणि त्यांच्या बायका?"

"बायकांचा काय संबंध?"

"इथे बायकांना गाडी चालवायची बंदी. मग त्यांना बाजारात, दवाखान्यात, माहेरी कोण नेतं? नवराच ना? गाडीत तो, ती, सासू, पोरं. दोन माणसांच्या वर असलेली गाडी शोधायला तुम्हाला लेन कशाला हवी? इथे एकटा असतो तो टॅक्सीवाला, तोही गिऱ्हाईक मिळेपर्यंत."

खालच्या मजल्यावरच्या वहिनी तेवढ्यात गरम घावन घेऊन वर आल्या. रत्नागिरीकडच्या होत्या, त्यांच्या यजमानांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि त्यांची मुलगी तुमच्या आईच्याच वर्गात. मी त्यांना नकाशा समजावून सांगितला. त्यांनी बोटाला लागलेलं तूप ओढणीला पुसलं आणि नीट पाहिलं.

"अगो बाय! सगळीच माणसं मधल्या लेनीत गेली, तर बाकीच्या लेनी कोनासाठी? बकऱ्यांसाठी?"

आजोबांनी नकाशाची गुंडाळी करून काखेत मारली. "तुम्हा दोघींना ट्रॅफिक इंजिनियरिंग शिकवायला माझ्याकडे वेळ नाही."

"वेळ फेब्रुवारीपर्यंत आहे," मी म्हटलं. "बसेसना द्या ती लेन. पडदे लावलेल्या बसमधून शिक्षिका जातात, मुली जातात, कामगारांच्या बसेस जातात. एकत्र जाणारे खरे तेच."

"बस म्हणजे कारपूल नव्हे."

"मग साहेबाला बोलवा परत. आईची तब्येत विचारून."

त्या संध्याकाळी आमच्या घरी फक्त कुकर बोलला.

जानेवारीत युद्ध सुरू झालं. शाळा बंद, ऑफिस जवळजवळ बंद. इराक विषारी गॅस सोडेल या भीतीने सायरन झाला की सगळ्यांनी एका खोलीत जायचं, दाराखाली ओला टॉवेल सारायचा आणि तोंडावर मास्क चढवायचा. खिडक्यांना चिकटपट्टी मी लावली होती, एकही सुरकुती न पडू देता. तुमची आई म्हणाली, "ममी, गॅसला सुरकुती दिसत नाही." मी म्हटलं, मला दिसते. त्या खोलीत पाणी, खजूर, रेडिओ, तिची भूगोलाची पुस्तकं आणि मधोमध इस्त्रीच्या टेबलावर आजोबांचा ड्रॉइंग बोर्ड. ऑफिसातले जुने नकाशे कुलपात, किल्ली साहेबाबरोबर सातासमुद्रापार. म्हणून रॅम्पचे शेवटचे नकाशे त्यांनी आठवणीतून काढले. बाहेर क्षेपणास्त्राचा आवाज झाला की त्यांच्या हातातली पट्टी हलायची, मग ते रेघ खोडून पुन्हा काढायचे. काम संपलं तेव्हा मास्कमध्ये ते एखाद्या समाधानी हत्तीसारखे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी मी खजूर खात नकाशा पाहत होते. खजुराची बी उचलली आणि कागदावर ठेवली. ही आमची गाडी. पुलावरून निघाली, रॅम्पने खाली आली, मधल्या लेनमध्ये शिरली. आणि समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडात गेली. मी बी मागे नेली, पुन्हा आणली. पुन्हा तेच.

"अहो, जरा या. मी मेले."

"काय?"

"या रॅम्पने उतरले की मी मरते. ही पाहा बी. डावीकडून चालवलीय तुम्ही गाडी. हे पुणं आहे का?"

तिथे गाड्या उजवीकडून चालतात आणि आपल्याकडे डावीकडून. ऑफिसात जुने नकाशे समोर असेपर्यंत त्यांचा हात सौदीत होता. बंद खोलीत, सायरनमध्ये, तो मुकाट्याने पुण्याला परतला होता. एकच रॅम्प नाही. सगळे.

ते आधी मानेनात. "तुला गाडी चालवण्यातलं काय कळतं?"

"लग्नाआधी वडिलांची फियाट मी चालवत होते आणि तुम्ही सायकलवरून यायचात. इथे परवानगी नाही, म्हणून काय विसरले?"

"हळू बोल," ते म्हणाले. त्यात त्यांची चूक नव्हती. नुकतंच शहरातल्या काही बायकांनी सरळ गाड्या बाहेर काढून चालवल्या होत्या, आणि त्यानंतर बरेच नवरे घरात हळू बोला म्हणत होते.

मग त्यांनी स्वतः बी फिरवून पाहिली. खाली बसले. नगरपालिकेची भेट अगदी जवळ आली होती. तुमची आई भूगोलाच्या पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाली, "सो आय फेल बिकॉज बाबा ड्राइव्ज ऑन द राँग साइड?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि उठून नवा कागद बोर्डला लावला.

पुढच्या काही दिवसांत आम्ही सगळे नकाशे पुन्हा काढले. ते पेन्सिल मारायचे, मी शाईने रेघा ओढायची. माझ्या रेघा त्यांच्याहून सरळ येतात, हे त्यांनी तेव्हा कबूल केलं, कारण मास्कमध्ये त्यांचा चष्मा धुक्याने भरायचा आणि माझी नजर तेव्हा चांगली होती. अहवालातलं बसेसचं पान मी त्यांना न विचारता टाइप केलं आणि शेवटी जोडलं. त्यांनी ते वाचलं, काढलं नाही.

नगरपालिकेतला अधिकारी तरुण होता, अमेरिकेत शिकून आलेला. भेट कशी झाली ते आजोबांनी घरी येऊन चहा पिता पिता सांगितलं. त्याने सगळे नकाशे उलगडले, रॅम्पवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "दोन माणसं? माझ्या गाडीत आई, बायको, पोरं असतात आणि ईदच्या आधी एक मेंढा. सगळं रियाध याच लेनमध्ये येईल. मग?"

"मग मी शेवटचं पान उघडलं," आजोबा म्हणाले. "बसेस. त्याला फारच आवडलं. म्हणाला, कल्पना कोणाची?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"ऑफिसची, म्हणालो."

ऑफिसात ते एकटेच उरले होते, तेव्हा हिशोब सोपा होता. मी त्यांच्या पुढच्या कपात साखर घातली नाही.

नकाशे पुढच्या अभ्यासासाठी मंजूर झाले. 'पुढच्या अभ्यासासाठी' म्हणजे बांधायचे नाहीत, पण टाकायचेही नाहीत. सरकारी कामात यापेक्षा सुरक्षित जागा नसते. कफील मिठाई घेऊन आला आणि इकामा पुढे चालू झाला. फेब्रुवारी संपता संपता युद्धही संपलं, शाळा उघडली, बोर्डाचा पेपर ठरल्यासारखा झाला.

पहिल्या पेपरला आजोबा गाडी चालवत होते, मी शेजारी, मागे तुमची आई, वहिनी आणि त्यांची मुलगी. रिंग रोडवर लष्कराचे ट्रक परत निघाले होते, उजव्या सगळ्या लेन भरून. आजोबा मधल्या लेनमध्ये मजेत होते. पूल आला तसा त्यांनी वेग कमी केला.

"हा बघा, इथून चढणार होता रॅम्प. चढ अगदी..."

"बाबा, आपलं एक्झिट!"

एक्झिट उजवीकडे मागे जात होतं आणि आमच्या आणि त्याच्यामध्ये मित्रराष्ट्रांचं अर्धं सैन्य होतं. आजोबांनी इंडिकेटर लावला. रणगाडा वाहणाऱ्या ट्रकला आमच्या इंडिकेटरचं काय? पुढचं एक्झिटही येऊन गेलं असतं. मागे दोन्ही पोरी रडायच्या बेतात. वहिनींनी काच खाली केली, बुरख्यातून हात कोपरापर्यंत बाहेर काढला आणि रत्नागिरीच्या बंदरावर ऐकू जाईल अशा आवाजात ट्रकवाल्याला आपल्या भाषेत सांगितलं की त्याच्या आईने त्याला कशासाठी वाढवला. त्याला कळलं नसणार. पण तो थांबला. आजोबांनी गाडी आडवी घातली.

"रॅम्प असता ना, तर आपण केव्हाच..." कडेला पोचल्यावर ते म्हणाले.

"भाईजान, असता तरी तुमाला सोडला नसता," वहिनी म्हणाल्या. "तुमीच तो बसवाल्यांना दिलाव."

शाळेच्या फाटकाशी चौकीदार एक दार लावून दुसऱ्याला हात घालत होता. गाडी पुरती थांबायच्या आधीच दोघी उतरून पळाल्या. तुमच्या आईची कंपासपेटी रस्त्यात उघडली, तिने पेन्सिली तिथेच सोडल्या, फक्त पेन उचललं, आणि दोघी फटीतून आत गेल्या. मग दार लागलं. आजोबा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले, आणि वहिनी खाली उतरून पेन्सिली वेचू लागल्या.