जेवणाची घंटा

आमच्या साताऱ्याच्या चर्चमधले घंटावाले काका काहीही सांगा, आधी दमून श्वास सोडायचे, मग "व्हय" म्हणायचे. मी शिकवायचो त्या उन्हाळी शाळेच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या प्रीतिभोजनासाठी ते विहिरीवरून पाणी आणत होते. घरी त्यांची बायको महिनाभर अंथरुणाला खिळलेली. त्यांना तेवढाच आराम म्हणून जेवणाची घंटा मी शहाण्याने वाजवली, एकेक टोला, सावकाश. आमच्यात कुणी वारलं की घंटा तशी वाजते, हे पार विसरलो. काका घागर टाकून घराकडे धावले. मी दोर धरून घामाने निथळत उभा.

परतले तेव्हा भिंतीला टेकले. "मास्तर, उठून बसलीया ती. 'आवं, कोन गेलं?' म्हनून मलाच इचारती."

मग दोर घेऊन त्यांनी घंटा जेवणाची वाजवतात तशी भराभर वाजवली आणि पायरीवर बसूनच राहिले.