हरळीचा चोर

पुंजारामजींच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हरळी चोरीला गेली, ही गोष्ट त्यांनी दोन दिवस कोणालाच सांगितली नाही. सांगणार तरी काय? गावातून बैल जातो, मोटारपंप जातो, तुरीचं पोतं जातं. पण वावरातून खोदून काढून, मरायला म्हणून उन्हात टाकलेलं गवत कोणीतरी चोरून नेलं, असं पोलीस पाटलाला सांगायला गेलं तर पाटलानं आधी सांगणाऱ्याच्याच कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

हे नीट समजायचं तर आधी माणूस समजून घ्यावा लागतो. नांदगाव खंडेश्वरपासून आत वाघोडा म्हणून गाव आहे, तिथले हे पुंजारामजी. सत्तरी ओलांडलेले, अंगानं काटक, आणि स्वभाव असा की समोरचा रामराम म्हणाला तरी हे मनात विचारणार, आज काऊन म्हणाला? सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री झाकली की तिला स्वतःची खास गाठ मारायची, दुसऱ्याला जमू नये अशी. एकदा ती गाठ उलट्या बाजूनं दिसली. घरी साळा पाहुणा आला होता, त्याच्याशी आठ दिवस बोलणं बंद. साळा बिचारा निघून गेल्यावर आठवलं की उजव्या अंगठ्यात काटा मोडला होता, म्हणून गाठ आपणच डाव्या हातानं मारली होती.

अमरावतीला मोतीबिंदू काढला तेव्हाची गंमत तर डॉक्टर अजून सांगत असेल. पट्टी सुटल्यावर ह्यांनी आधी जुन्या डोळ्यानं बायकोला पाहिलं, मग नवा उघडून पाहिलं, मग पुन्हा जुन्यानं. दोन्हींत लीलाबाई सारख्याच दिसल्या तेव्हा कुठे डॉक्टरला मान हलवून पसंती दिली. लीलाबाई एवढंच म्हणाल्या, ‘झालं असन पाहून तं चहा घ्या.’

पण हा सगळा संशय एका बाजूला आणि हरळीवरचा संशय एका बाजूला. बापाकडून साडेतीन एकर काळी जमीन मिळाली तेव्हा अर्धं वावर हरळीनं धरलेलं होतं. वर पाहावं तर चार बोटांचं गवत, आणि खाली पांढऱ्या काशांचं जाळं, पेरापेरानं पसरत हातभर खोल गेलेलं. कपाशीची पऱ्हाटी पिवळी पडून जागच्या जागी उभी राहायची. नवराबायकोनं सहा उन्हाळे ते वावर कुदळीनं खोदलं. पहिल्या उन्हाळ्यात लीलाबाईंच्या तळहाताचं कातडं गेलं, ते पुन्हा कधी मऊ आलं नाही. सातव्या वर्षी वावर मोकळं झालं. तेव्हापासून चाळीस वर्षं, दर चैत्रात पुंजारामजी धुरा खोदत. कारण पलीकडच्या गोवर्धनच्या वावरात हरळी होतीच, आणि ती धुऱ्याखालून यायला बघायची. खोदलेल्या काशा मुळं वर करून एका सपाट दगडावर टाकायच्या. आठ दिवसांच्या उन्हात त्या मरत. एक पेर जरी वावरात सुटलं तर ते सहा उन्हाळे पुन्हा, आणि आता खोदायला ना तो हात होता ना लीलाबाईंचा.

त्यात वरच्या अंगाचं संकट उपटलं. वावराच्या डोक्यावर मुरमाड टेकाड आहे. गावाचा उतारच असा की काळी खाली कास्तकारांकडे आणि मुरूम वर बौद्ध वस्तीकडे. अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत नोकरी करून रिटायर झालेले संघपालभाऊ गावी परतले आणि त्यांनी टेकाडावर अभ्यासिका काढली. तिथे वाचायला येणाऱ्या मुली पोलीस भरतीसाठी मुरमावरच धावत. नडग्या सुजत, पाय घसरून गुडघे फुटत. म्हणून भाऊंनी ठरवलं की दोनशे मीटरचा एक गोल आखायचा आणि त्यावर हिरवळ लावायची.

गवत हा शब्द कानावर पडताच पुंजारामजी काठी घेऊन टेकाडावर हजर. पाऊस पडला की इथलं पाणी सरळ माझ्या वावरात येतं, त्यासोबत हे गवत आलं तर कोण जबाबदार, असं त्यांनी विचारलं. भाऊ शांतपणे म्हणाले की मधात नाली खोदू. इतक्या लवकर कबूल होणारा माणूस पुंजारामजींनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. ह्यात काहीतरी आहे, हे त्यांनी तिथेच ओळखलं.

‘पन मुरमावर कोनी गवत लावते का?’ त्यांनी विचारलं.

‘पुंजारामजी, तुमच्याकडे काळी गेली, आमच्या वाट्याले मुरूम आला. हे काई आपन दोघांनी नाई केलं. पन मुरमावर काय लावाचं, हे तं आमाले ठरवू द्या.’

ज्या बोलण्याला उत्तर सुचत नाही ते बोलणारा माणूस फार पुढचा असतो, अशी पुंजारामजींची पक्की समजूत. संशय दुप्पट झाला.

माघात अमरावतीकडच्या एका नर्सरीतून सतरंजीसारखी गुंडाळलेली हिरवळ ट्रॅक्टरनं आली. मुरमावर ती अंथरली, पाइपानं पाणी मारलं. चार दिवस टेकाड असं दिसलं की कोणी लग्नाचा मांडव घालणार आहे. पंधराव्या दिवशी कडा उचलल्या गेल्या, आणि महिन्याच्या आत तव्यावरून भाकर सुटावी तशी ती हिरवळ मुरमापासून सुटून वर आली. पुंजारामजी रोज सकाळी धुऱ्यावरून मान उंच करून पाहत आणि समाधानानं घरी येऊन दोन भाकरी जास्त खात.

अशातच एका संध्याकाळी नात आकांक्षा त्यांचे पाय दाबायला बसली. नांदगावच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. खरं तर पाय दाबायला बसली तिथेच ह्यांनी सावध व्हायला हवं होतं. पण तिनं विचारलं, ‘आबाजी, हरळी मरत काऊन नाई?’

आता चाळीस वर्षांत हा प्रश्न ह्या माणसाला कोणी विचारला नव्हता. घरात हरळीचं नाव काढलं की लोक उठून जात. पुंजारामजी जे खुलले, ते चार संध्याकाळी बोलत होते. हरळी ट्रॅक्टरच्या फणानं तोडू नये, तुटलेलं एकेक पेर नवं झाड होतं. ओल मिळू देऊ नये. शेंडा गुराला खाऊ देऊ नये, वरून कापली की ती आडवी पळते. पायदळी येऊ देऊ नये, दाबली की पेर जमीन धरतं. सावलीला ती भिते, म्हणून तुरीखाली मरते. आणि खरी मरते ती तापलेल्या मुरमावर, कारण वरून ऊन आणि खालून तवा. तिथं चार बोटं माती आणि शेणखत मिळालं तर मात्र मुरूमही तिला अडवू शकत नाही. नात भराभर लिहून घेत होती. कशासाठी लिहितेस, असं विचारल्यावर तिनं कॉलेजचा प्रकल्प आहे म्हणून सांगितलं. बी.ए.त तण कुठून आलं, हा संशय जगातल्या कोणालाही आला असता. पुंजारामजींना आला नाही. माणूस आपल्या विषयावर बोलत असला की त्याचं दार सताड उघडं असतं.

आणि मग चैत्रात दगडावरची हरळी जाऊ लागली. संध्याकाळी टाकलेला ढीग सकाळी नाही. पहिल्या दिवशी वाटलं, गुरांनी खाल्ली. पण गुरं माती झटकून काशा नेत नाहीत. दुसऱ्या दिवशी गोवर्धनवर संशय गेला. त्याच्या ओट्यावर जाऊन बसले, हवापाण्याच्या गप्पा केल्या आणि त्याच्या नखांतली माती निरखून पाहिली. लाल होती, घर सारवायला आणलेली, आपल्या धुऱ्याची काळी नव्हे. गोवर्धन सुटला. आता हरळी नेणारा माणूस तिचं करणार काय? एकच उत्तर सुचत होतं. कोणीतरी ती साठवून ठेवतो आहे, आणि पेरणी झाली की आपल्याच वावरात आणून टाकणार आहे. ह्या विचारानं त्यांचं जेवण तुटलं.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास ते बाभळीआड जाऊन बसले. थोड्या वेळानं तोंडाला स्कार्फ बांधलेल्या दोन पोरी आल्या, काशा पोत्यात भरल्या आणि टेकाडाकडे चढू लागल्या. चेहरा दिसत नव्हता, पण एकीची चाल दिसत होती. डावा पाय ती जपून टाकत होती. घरात पंधरा दिवस आकांक्षा तशीच चालत होती, आणि विचारलं तर म्हणायची, चप्पल लागते.

हिरवळ मेल्यापासून पुंजारामजींनी टेकाडाकडे पाहणं सोडलं होतं. ते मागोमाग वर गेले, आणि जे दिसलं ते पाहून तिथेच थांबले. गोलावरचा सगळा मुरूम सब्बलीनं हातभर फोडलेला होता. दगड वेचून बाजूला ढीग केलेला. वर तलावातला गाळ आणि शेणखत कालवलेलं. पाच-सहा पोरी विळ्यानं काशांचे तुकडे करत होत्या, वीतभर अंतरावर पुरत होत्या आणि पायानं दाबत होत्या. संघपालभाऊ पाइप धरून मागून येत होते. दगडावर एक वही उघडी होती. पुंजारामजींनी ती उचलली आणि गावच्या शाळेत शिकले तसं एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. डाव्या पानावर वर लिहिलं होतं, ‘आबाजी म्हणतात’. खाली, तुकडे करू नये. उजव्या पानावर, तुकडे करावे. डावीकडे, ओल देऊ नये. उजवीकडे, रोज पाणी. अशी दोन पानं.

त्यांनी डावं पान दोनदा वाचलं, चूक सापडते का म्हणून. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

‘मले सरळ इचारलं असतं तं?’ ते नातीला म्हणाले.

‘तुमी सांगतलं असतं?’

पुंजारामजींनी खरोखर विचार केला. ‘नाई.’

‘म्हनून.’

मग तिनं पँट वर करून नडगी दाखवली. हाडावर सुपारीएवढी सूज होती. भरतीत आठशे मीटर धावायचं असतं, आणि मुरमावर ती चारशेच्या पुढे जाऊ शकत नव्हती. घरी का नाही सांगितलं, तर म्हणाली, तुम्ही आधी विचारलं असतं की हे तुला कोणी शिकवलं. तोच प्रश्न त्या क्षणी त्यांच्या ओठांवर होता.

पुंजारामजींच्या हातात दगडाजवळून उचललेल्या काशांची मूठ होती. लावलेली सगळी हरळी उपटून मुळं वर करून टाकली, तर आठ दिवसांत काम खलास. हे त्या टेकाडावर फक्त त्यांनाच येत होतं. खाली त्यांचं वावर स्वच्छ, वखरलेलं, दिसत होतं. पावसाला दोन-अडीच महिने होते. सगळ्या पोरी विळे थांबवून त्यांच्याकडे पाहत होत्या.

पुंजारामजी मूठ तशीच धरून उताराला गेले आणि भाऊंनी खोदलेल्या नालीत उतरले. नाली नडगीभर होती.

‘हे नाली आहे का बकरीले पानी पाजाचं टाकं?’ ते खालूनच म्हणाले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. गुडघ्याच्या वर खोली हवी, खाली खडक लागेपर्यंत. वावराकडच्या बाजूनं दगड उभे लावायचे. आणि एवढं करूनही ती वरून सरपटता धागा टाकते, म्हणून दर तीन दिवसांनी कोणीतरी नालीतून फिरून धागे तोडले पाहिजेत. भाऊ म्हणाले, पोरींच्या पाळ्या लावतो. पोट्ट्यायच्या भरवश्यावर वावर सोडायला पुंजारामजी तयार नव्हते. मग मी स्वतः पाहतो, असं भाऊ म्हणाले.

‘तुमच्या भरवश्यावर तं मुळीच नाई.’

‘मंग तुमीच पाहा ना जी,’ भाऊ म्हणाले आणि पाइप घेऊन पुढे गेले.

अशा रीतीनं भरवसा ठेवायला गावात दुसरं कोणी उरलंच नाही, आणि काम पुंजारामजींच्या अंगावर आलं. जाता जाता ते पोरींजवळ थांबले. ‘दोन पेराचे तुकडे नका करू. मुरूम आहे, सुकून जाईन. तीन पेरं ठेवा.’ आकांक्षानं वही उचलली, पण ह्या वेळी कोणत्या पानावर लिहावं हे तिला कळेना. घरी येईपर्यंत पुंजारामजींना स्वतःचाच संशय येत राहिला, की हे आपण काऊन सांगितलं.

पाऊस लागला तशी टेकाडावर हिरवी कड दिसू लागली, आणि पोळ्यापर्यंत सगळा गोल भरला. दर तीन दिवसांचं काम पुंजारामजी रोज करत होते, कारण तीन दिवसांत काय होईल ह्याचा नेम नाही. भाऊंनी नालीजवळ खुर्ची ठेवली, ती त्यांनी परत केली. उद्या म्हणतील, आमच्या मैदानावर बसून असतात. नालीतले धागे तोडायचे, मग वावरात उतरून पिकाची एकेक ओळ पाहायची. डवरणीच्या, म्हणजे पिकातलं तण काढायच्या वेळी लीलाबाईंना वेगळ्या बाजूनं फिरवलं, काय दिसलं ते आधी त्यांनीच सांगावं म्हणून. हरळीचं एकही पेर दिसलं नाही, असं लीलाबाई म्हणाल्या. पुंजारामजींनाही दिसलं नव्हतं. तरी त्यांनी आणखी एक फेरी मारली.

भादव्यातल्या एका सकाळी ते नालीत असताना वर एकदम टाळ्या वाजल्या. आकांक्षानं आठशे मीटर तीन मिनिटं दोन सेकंदांत काढले होते. महिन्याभरापूर्वी साडेतीनच्या खाली येत नव्हती. भाऊ मोबाइल दाखवायला धावत आले.

पुंजारामजींनी मोबाइलकडे पाहिलंही नाही. ते वर चढले आणि खुरपं हातात घेऊन गोलाच्या कडेनं चालू लागले. गवतावर दव होतं आणि दवात पावलं उमटली होती. मुरमावर कधी काही उमटत नसे. खालच्या वळणाजवळ ते थांबले, वाकले, आणि चुन्याच्या रेघेच्या आतल्या अंगाला दबलेल्या पात्यांवर खुरपं टेकवलं.

‘पाय आत पडला अथी.’

‘दोनच पावलं, आबाजी,’ आकांक्षा दम खात म्हणाली.

‘भरतीतले साहेब माह्यासारखे भोळे नसतीन. पुन्हा धाव.’

तिनं भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी मोबाइलवरचं घड्याळ शून्यावर आणलं. ती सुरुवातीच्या रेघेवर जाऊन उभी राहिली, आणि पुंजारामजी खालच्या वळणावर, नीट दिसेल असे, पाय रोवून उभे राहिले.